प्रबंधांच्या याद्या आणि एकमेकांना न ओळखणारे विषय

शोधवाट

विद्यापीठांनी स्वीकारलेल्या पीएच.डी. प्रबंधांच्या याद्या वाचायला मला मनापासून आवडतं. एका ओळीत किड्यांचं दिशाज्ञान, पुढच्या ओळीत मध्ययुगातल्या व्यापाऱ्यांचा पत्रव्यवहार, त्याखाली द्रवाच्या थेंबाचा आकार. या तिघांचे अभ्यासक एकाच इमारतीत पाच-पाच वर्षं काढतात आणि एकमेकांचं काम त्यांना ठाऊकही नसतं.

अशी यादी कुणाला दाखवली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचा उपयोग काय? मला त्याआधी दुसरं विचारावंसं वाटतं. हे त्यांना कळलं कसं? शेणकिडे रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ठरवतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. ऐकून गंमत वाटते. पण त्यासाठी संशोधकांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या चिमुकल्या टोप्या बसवल्या, त्यांना तारांगणात नेलं आणि आकाशातला एकेक भाग दाखवून-झाकून पाहिला. हे वाचलं की त्या कामाबद्दल आदर वाटायला लागतो.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण बॅबिलोनचं आहे. तिथले ज्योतिषी शेकडो वर्षं मातीच्या विटांवर आकाशाच्या नोंदी ठेवत होते. इसवी सनपूर्व १३६ मध्ये, १५ एप्रिलला तिथे खग्रास सूर्यग्रहण दिसलं, याची स्पष्ट नोंद आहे. आता पृथ्वी कायम आजच्याच वेगाने फिरत होती असं धरून गणित मांडलं, तर त्या ग्रहणाची सावली बॅबिलोनवरून जातच नाही. ती हजारो किलोमीटर पश्चिमेला पडते. नोंद खोटी नाही, म्हणजे पृथ्वीचं फिरणं बदललंय. रिचर्ड स्टीफन्सन आणि लेस्ली मॉरिसन यांनी अशा कित्येक जुन्या नोंदी गोळा करून हिशेब केला: दिवस दर शतकात सरासरी सुमारे १.८ मिलिसेकंदांनी लांबतोय. आकडा नगण्य वाटतो, पण रोज साठत गेलेला फरक दोन हजार वर्षांत तीन तासांच्या पुढे जातो.

आणि इथेच ते थांबत नाही. चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीचा परिणाम धरला तर दिवस शतकामागे २.३ मिलिसेकंदांनी लांबायला हवा होता. मग उरलेलं कुठे गेलं? त्याच्या उत्तराचा मोठा भाग भूगर्भशास्त्रात आहे. हिमयुगातलं बर्फ वितळल्यावर ध्रुवांकडची दबलेली जमीन अजून वर येतेय, पृथ्वीचा आकार किंचित बदलतोय आणि त्याने तिचा वेग थोडा वाढतो. बॅबिलोनच्या विटांवरची कीलाकार लिपी वाचणारा, खगोलगणित करणारा आणि जमिनीची हालचाल मोजणारा, तिघांपैकी एक जरी नसता तरी हे कोडं अर्धवट राहिलं असतं.

धागा काढण्याचं कारण हे. तुम्ही ज्या विषयात काम करता किंवा ज्याबद्दल आस्थेने वाचता, त्यात एखादी गोष्ट 'सिद्ध झाली' असं कधी म्हणतात? बाहेरच्यांना त्यातलं काय समजत नाही? मोकळेपणाने आणि सविस्तर लिहा.

---

मूळसंख्या

छान धागा. गणितातून सुरुवात करतो.

आमच्याकडे पुरावा म्हणजे सिद्धता. अब्जावधी संख्यांवर तपासून पाहिलं तरी ते सिद्ध झालं असं कुणी म्हणत नाही. दुसऱ्या बाजूने, एकदा सिद्ध झालेलं जुनं होत नाही. इतर शाखांतल्या मित्रांना आश्चर्य वाटतं ते याचं, की शंभर वर्षांपूर्वीचा पेपर आम्ही आजही कामासाठी उघडतो.

गाठींचं उदाहरण देतो. १८६७ मध्ये लॉर्ड केल्विनने कल्पना मांडली की अणू म्हणजे ईथरमध्ये (सगळीकडे भरून आहे असं तेव्हा मानलेल्या माध्यमात) पडलेल्या भोवऱ्यांच्या गाठी असाव्यात. वेगळी गाठ म्हणजे वेगळं मूलद्रव्य. पीटर टेटने त्यावरून गाठींची वर्गवारी करायला घेतली, अतिशय चिकाटीने तक्ते तयार केले. पुढे ईथरच नाही असं निघालं आणि अणूंचा तो सिद्धांत संपला. तक्ते मात्र राहिले, कारण दोन गाठी एकच आहेत की वेगळ्या, हा प्रश्न अणूंवर अवलंबून नव्हताच. १९८४ मध्ये वॉन जोन्स या गणितज्ञाला, तोही अगदी वेगळ्या शाखेत काम करत असताना, गाठी ओळखण्याची एक नवी बहुपदी सापडली. त्याला १९९० मध्ये फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च समजला जाणारा सन्मान, मिळालं.

दरम्यान जीवशास्त्रज्ञांना कळलं होतं की पेशीतला डीएनए सतत पिळला जातो, त्याला गाठी पडतात आणि त्या सोडवायला पेशीत खास एन्झाइम असतात. ते डीएनएचा धागा कापतात, दुसरा त्यातून पलीकडे नेतात आणि पुन्हा जोडतात. नेमकं काय झालं हे ओळखायला गाठींचं गणित उपयोगी पडलं. कर्करोगावरची काही औषधं आणि काही प्रतिजैविकं याच एन्झाइमांना अडवतात.

टेटचा यातल्या कशाशीही संबंध नव्हता. त्याने तक्ते चोख केले, एवढंच.

---

पाणवठा

वाचतेय. शेणकिड्यांच्या टोप्या फार आवडल्या!

---

कणाकण

कणभौतिकी. आमच्याकडे शोध लागला असं म्हणायला 'पाच सिग्मा' लागतात. म्हणजे नवीन काहीच नसताना निव्वळ योगायोगाने इतका मोठा उंचवटा आलेखात दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाची घोषणा झाली ती हा उंबरठा गाठल्यावरच. इतकं कडक का? कारण आम्ही एकाच वेळी असंख्य ठिकाणी उंचवटे शोधत असतो. इतक्या ठिकाणी शोधलं की कुठेतरी योगायोगाने काहीतरी दिसणारच. तीन सिग्माचे कितीतरी 'शोध' पुढच्या मोजणीत विरून गेलेत.

दुसरी गोष्ट लेखकांची. हिग्जच्या वस्तुमानावरचा २०१५ चा एक पेपर आहे, त्याला ५,१५४ लेखक आहेत. एकूण ३३ पानं, आणि त्यातली बहुतेक नावांनी आणि संस्थांच्या यादीने भरलेली. यंत्र बांधणारा, त्याची विदा (डेटा) साठवणारा, चाळणारा, सगळेच लेखक. बाहेरच्यांना हे खटकतं. मला ते न्याय्य वाटतं.

---

मूळसंख्या

कणाकण, आमच्याकडे एक किंवा दोन लेखक, फार तर तीन-चार, आणि नावं आडनावांच्या वर्णक्रमाने. पहिलं नाव कुणाचं याला अर्थच नसतो. जीवशास्त्रात पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. निवड समितीवर वेगवेगळ्या विषयांची माणसं बसली की यावरून खरोखर अन्याय होतात. वर्णक्रमाने शेवटी आलेल्या गणितज्ञाला कुणीतरी 'हा चौथा लेखक, याचं योगदान काय' म्हणून बाजूला सारतं.

---

मनोगती

मी मानसशास्त्रातली. पाच सिग्माचा विषय निघाला की आमच्याकडे बोट जातं, म्हणून आधीच लिहिते.

हो, आमच्याकडे बरीच वर्षं ५ टक्क्यांचा, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता वीसात एक, इतकाच उंबरठा पुरेसा मानला गेला. २०१५ मध्ये जगभरातल्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ पेपरांपैकी जवळपास सगळ्यांनी परिणाम दिसल्याचा दावा केला होता, पुनर्प्रयोगात तो सुमारे ३६ टक्क्यांतच टिकला. या विषयात उमेदवारी करणाऱ्यांसाठी तो काळ कठीण होता. ज्या निष्कर्षांवर आपलं काम उभं करायचं, तेच डळमळीत.

पण दोन गोष्टी बाहेर पोचत नाहीत. एक, माणसं प्रोटॉन नाहीत. सगळे प्रोटॉन सारखे असतात; माणूस वयाने, भाषेने, प्रयोगखोलीत कोण बसलंय त्याने बदलतो. ३५ लाखांत एक इतकी खात्री मागितली तर नैराश्यावरचा कुठलाच अभ्यास पुरा होणार नाही, आणि रुग्ण तर आज समोर बसलेला आहे. दोन, ही तपासणी आमच्याच लोकांनी केली आणि जाहीर केली. त्यातून पूर्वनोंदणी रुजली: काय मोजणार, कसं मोजणार, किती माणसांवर, हे विदा गोळा करण्याआधी लिहून ठेवायचं. काही नियतकालिकं आता निकाल येण्याआधीच, फक्त पद्धत पाहून पेपर स्वीकारतात. निकाल नकारार्थी आला तरी तो छापला जातो. मला वाटतं इतर अनेक विषयांनी हे आमच्याकडून घ्यावं.

---

सरळरेघ

धागा चांगला आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. इथे सगळे यशाच्या कथा सांगताहेत. गाठींचं गणित डीएनएला उपयोगी पडलं, मान्य. पण ज्या हजारो प्रबंधांचं पुढे काहीच झालं नाही, ते इथे कोण सांगणार? लॉटरी लागलेल्यांच्याच मुलाखती घेतल्या तर लॉटरी फायद्याची वाटणारच. बहुतेक संशोधन लोकांच्या पैशावर चालतं. कुठे द्यायचा आणि कुठे नाही हे कुणीतरी ठरवायलाच हवं ना?

---

शोधवाट

सरळरेघ, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि मला तो टाळायचा नाही. निवडलेल्या यशोगाथांवरून 'सगळ्याला पैसे द्या' असं सिद्ध होत नाही. ठरवायला हवंच. माझं म्हणणं 'कशावरून ठरवायचं' याबद्दल आहे.

थॉमस ब्रॉक हा जिवाणूंचा अभ्यासक १९६० च्या दशकात यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत कोण जगतं ते पाहत होता. १९६६ मध्ये घेतलेल्या एका नमुन्यातून ७० अंश सेल्सियसच्या आसपास आरामात वाढणारा एक जिवाणू मिळाला. ब्रॉक आणि त्याचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये त्याचं रीतसर वर्णन छापलं: थर्मस अॅक्वाटिकस. १९७६ मध्ये दुसऱ्या कुणी त्यातून उष्णतेत न बिघडणारं एन्झाइम वेगळं केलं. १९८३ मध्ये कॅरी मलिसला डीएनएच्या प्रती काढण्याची पीसीआरची कल्पना सुचली, पण प्रत्येक फेरीत नमुना तापवावा लागे, त्यात साधं एन्झाइम निकामी होई आणि दर फेरीला ते नव्याने घालावं लागे. झऱ्यातल्या जिवाणूचं एन्झाइम आणल्यावर ती अडचण संपली.

१९६६ मध्ये कुठल्याही समितीला हे दिसलं नसतं, ब्रॉकलाही नाही. पण एक गोष्ट तेव्हाही तपासता आली असती: काम नीट झालंय का? जिवाणूचं वर्णन पुरेसं काटेकोर आहे का, नमुना सार्वजनिक संग्रहात ठेवलाय का, दुसऱ्याला तो मागवता येईल का? ब्रॉकने ते सगळं केलं होतं. म्हणून निवड करताना मी विषयाच्या नावापेक्षा पद्धतीकडे आणि नोंदी जपण्याच्या तयारीकडे बघेन. ज्यांचं पुढे काही झालं नाही त्या प्रबंधांतही एवढं असेल, तर तो पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. आणि ते नसेल तर विषय कितीही 'उपयोगी' असो, पैसा वाया गेलेला आहे.

---

सरळरेघ

नमुने आणि नोंदी जपणं या कसोटीवर पैसे द्यावेत, हे मला पटण्यासारखं आहे. पण जपून ठेवलेलं कुणी वापरतं का, हाही प्रश्न आहे.

---

बांधावरून

वापरतात. शेतीतलं एक सांगतो. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. दरवर्षीचे धान्याचे आणि काडाचे नमुने भरून ठेवलेले. मूळ हेतू कुठलं खत किती उपयोगी हे पाहण्याचा. २००५ मध्ये संशोधकांनी त्या जुन्या नमुन्यांतून गव्हावरच्या दोन बुरशींचा डीएनए काढला. दोन्ही बुरशींचं आपसातलं प्रमाण दीडशे वर्षांत कसं बदललं ते पाहिलं, तर ते हवेत सोडल्या गेलेल्या सल्फर डायऑक्साइडच्या चढउताराशी जुळलं. म्हणजे खताच्या प्रयोगातून कोळशाच्या धुराचा पिकाच्या रोगांवर झालेला परिणाम दिसला. पहिले डबे भरले गेले तेव्हा डीएनए काय असतो हेच कुणाला माहीत नव्हतं.

---

ग्रंथपाल_अ

सरळरेघ यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू ग्रंथालयातून दिसते. जपलेलं असतं, पण ज्याला हवं त्याला ते असल्याचं ठाऊक नसतं.

शिकागो विद्यापीठातले डॉन स्वॉन्सन माहितीशास्त्राचे प्राध्यापक होते, डॉक्टर नव्हते. १९८६ मध्ये त्यांनी दोन वेगळ्या वाङ्मयांची सांगड घातली. एकीकडे माशाच्या तेलावरचे पेपर: या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, रक्तपट्टिकांचं (प्लेटलेट्सचं) चिकटणं कमी होतं. दुसरीकडे रेनॉ विकारावरचे पेपर. या विकारात थंडीने बोटं पांढरी-निळी पडतात, आणि रुग्णांत रक्ताचा दाटपणा वाढलेला आढळतो. दोन्ही गट एकमेकांचे संदर्भ देतच नव्हते. स्वॉन्सन यांनी एकही प्रयोग न करता मांडलं की माशाचं तेल या विकारात उपयोगी पडावं. पुढे एका लहान चाचणीत या विकाराच्या प्राथमिक प्रकारात फायदा दिसलाही. मग त्यांनी मॅग्नेशियम आणि अर्धशिशीचा दुवाही अशाच पद्धतीने दाखवला.

मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की दोन्ही अर्धी उत्तरं आधीच छापलेली होती. कपाटात होती. दोन्ही कपाटांपुढे उभं राहणारं कुणी नव्हतं.

एकाच गोष्टीचा शोध पुन्हा-पुन्हा लागतो तोही यामुळेच. ज्याच्याकडे जास्त आहे त्यालाच आणखी मिळत जातं, या नियमाचं गणित १९२५ मध्ये यूलने वनस्पतींच्या प्रजातींसाठी मांडलं. १९५५ मध्ये हर्बर्ट सायमनने शब्दांच्या वारंवारितेसारख्या गोष्टींसाठी, १९७६ मध्ये डेरेक डी सोला प्राइसने संशोधनातल्या संदर्भांसाठी, आणि १९९९ मध्ये बाराबाशी आणि अल्बर्ट यांनी वेबसारख्या जाळ्यांसाठी. त्यातल्या प्रत्येकाने काही नवं नक्कीच आणलं. पण गाभा तोच.

---

मूळसंख्या

याचं टोकाचं उदाहरण १९९४ चं. मधुमेहावरच्या एका नियतकालिकात रक्तशर्करेच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढण्याची 'नवी' पद्धत छापून आली. आलेखाचे समलंब चौकोन पाडायचे आणि बेरीज करायची. महाविद्यालयात शिकवतात तो समलंब नियम! परीक्षकांच्याही लक्षात आलं नाही. नंतर वाचकांनी पत्रं लिहून दाखवून दिलं. मला त्या लेखकाला नावं ठेवायची नाहीत. गरज खरी होती, उत्तरही बरोबर होतं. शेजारच्या विभागात विचारायची पद्धतच नव्हती, हा दोष व्यवस्थेचा आहे.

---

शोधवाट

मूळसंख्या, यात एक भर. २०१६ मध्ये मॅथ्यू ओसेनड्रायव्हर यांनी दाखवलं की बॅबिलोनच्या ज्योतिष्यांनी हाच समलंब चौकोन वापरला होता. गुरू ग्रह ६० दिवसांत आकाशात किती सरकतो, हे वेग आणि काळ यांच्या आकृतीचं क्षेत्रफळ काढून त्यांनी मोजलं. त्या विटा इसवी सनपूर्व ३५० ते ५० या काळातल्या. २०१६ च्या आधी ही कल्पना युरोपात चौदाव्या शतकात जन्मली असं मानत होते.

---

जुनंखोड

उशिरा लिहितोय. पुरातत्त्वात काम करतो. माझ्या विषयाचा कणा दुसऱ्या विषयातून आलाय, ते सांगायलाच हवं.

अँड्र्यू डग्लस हा अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांचं साधारण ११ वर्षांचं चक्र हवामानावर परिणाम करतं का, हे त्याला पाहायचं होतं. जुनी हवामान-नोंद नव्हती, म्हणून तो झाडांच्या खोडातली वलयं मोजू लागला. पावसाच्या वर्षी रुंद वलय, कोरड्या वर्षी अरुंद. ही रुंद-अरुंद मालिका एका प्रदेशातल्या सगळ्या झाडांत सारखी असते, त्यामुळे जुन्या घरातल्या तुळईची मालिका जिवंत झाडाच्या मालिकेशी जुळवता येते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या प्वेब्लो (तिथल्या मूलनिवासींच्या जुन्या वस्त्या) अवशेषांतल्या तुळयांची त्याने आपसात जुळणारी मालिका केली, पण ती आजपर्यंत पोचत नव्हती, मध्ये खंड होता. १९२९ मध्ये ॲरिझोनात मिळालेल्या एका जळक्या तुळईने तो खंड भरला आणि एका झटक्यात कितीतरी वस्त्यांना नक्की वर्ष मिळालं. त्याआधी तिथल्या कालनिश्चितीत अंदाजच जास्त होते.

२०१२ मध्ये जपानी संशोधक फुसा मियाके यांना सुगी या जपानी वृक्षाच्या वलयांत ७७४-७७५ या वर्षी कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) एकदम वाढलेला सापडला. पुढच्याच वर्षी ९९३ च्या सुमाराची आणखी एक वाढ मिळाली. बहुधा सूर्यावरच्या प्रचंड वादळांमुळे. ही वाढ सगळ्या जगातल्या झाडांत एकाच वेळी उमटते. कॅनडातल्या लान्स ओ मेडोज या जागी नॉर्स लोक (उत्तर युरोपातले, व्हायकिंग काळातले दर्यावर्दी) राहून गेले हे माहीत होतं, पण नक्की कधी? २०२१ मध्ये तिथल्या, धातूच्या हत्याराने तोडलेल्या तीन वेगळ्या झाडांच्या लाकडांत ९९३ चं वलय शोधलं आणि तिथपासून सालीपर्यंत वलयं मोजली. तिन्हींत २८. म्हणजे झाडं १०२१ मध्ये तोडली. शंकेला जागाच उरली नाही.

सूर्याच्या डागांचा डग्लसचा मूळ प्रश्न त्याच्या मनासारखा सुटला नाही. पण सूर्याचा इतिहास शेवटी झाडांतच सापडला, आणि तो अवशेषांच्या कामी आला.

---

पाणवठा

जुनंखोड काका, सुंदर लिहिलंय. २८ वलयांचं वाचून अंगावर काटा आला.

एक प्रश्न सगळ्यांना. मी एम.एस्सी.ला आहे. माझ्या विषयाबाहेरचं वाचायचं खूप मनात असतं, पण पेपर उघडला की दुसऱ्या परिच्छेदातच अडकते. तुम्ही कसं वाचता?

---

ग्रंथपाल_अ

पाणवठा, थेट पेपर उघडू नकोस. त्या विषयातला आढावा-लेख शोध. कुठल्या मुद्द्यावर एकमत आहे आणि कुठे वाद, हे त्यात सरळ लिहिलेलं असतं. मग त्या लेखाचा संदर्भ पुढे कुणी-कुणी दिला ते बघ. तुझ्या स्वतःच्या विषयातलं नियतकालिक त्या यादीत दिसलं, तर तिथून आत शिर. आणि प्रबंध वाच, पेपर नव्हे. पेपरात जागा नसते म्हणून सगळं गाळलेलं असतं. प्रबंधात पहिली दोन प्रकरणं नवख्याला समजेल अशी लिहावी लागतात. बऱ्याच विद्यापीठांचे प्रबंध आता खुले आहेत.

---

मनोगती

आणि आधी पद्धतीचा भाग वाच. निष्कर्षातली परिभाषा अडते, पण 'इतकी माणसं घेतली, हे विचारलं, असं मोजलं' हे कुणालाही कळतं. नाही कळलं तर लेखकाला ईमेल कर. आपलं काम कुणीतरी बाहेरचं वाचतंय याचा आनंद इतका असतो की माझ्या ओळखीतले संशोधक तरी अशा पत्रांना आवर्जून उत्तर देतात.

---

सरळरेघ

रॉथमस्टेडबद्दल वाचायला घेतलं. बांधावरून, एक विचारायचं होतं. प्रयोग सुरू करणारे गेले, त्यानंतरही तो चालू ठेवायचा हे कोण ठरवतं? प्रयोगात मध्ये बदल केले तर आधीच्या नोंदींशी तुलना कशी करतात?

---

बांधावरून

सुरू करणाऱ्या जॉन लॉझने त्यासाठी आधीच विश्वस्त निधी ठेवला होता. बदल झालेत: गव्हाचं वाण बदललं, १९५० च्या दशकापासून तणनाशक आलं. पण एक तुकडा तणनाशकाशिवाय ठेवला आहे, आणि एका पट्ट्याला १८४३ पासून कुठलंच खत दिलेलं नाही. तुलना त्यांच्याशी होते. बाकीचं उद्या सविस्तर लिहितो.

---

शोधवाट

नक्की लिहा. आणि भाषाशास्त्रातलं अजून कुणीच आलेलं नाही. बोलणारे थोडे उरलेत अशा भाषांचं क्षेत्रकार्य करणारं कुणी वाचत असेल तर कृपया लिहा: व्याकरणाचा एखादा नियम आहे असं तुम्ही किती जणांकडून ऐकल्यावर म्हणता, आणि ध्वनिमुद्रणं कुठे ठेवता?